गोडघाशी माणसानं स्लीव्ह करावी की बायपास? पावणेदोन वर्षांनंतर लिहिते आहे

ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना म्हटलं होतं, "मला असं ऑपरेशन करा की गोड खाल्लं की शिक्षा झालीच पाहिजे." बावीस वर्षं दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी हे शोभत नाही. छडीनं कुणाला पाढे आल्याचं मी पाहिलेलं नाही. पण स्वतःवर वेळ आली आणि मी छडीच मागितली.

तर हे परीक्षण वजन उतरवायच्या बायपास ऑपरेशनचं, आणि बायपास करावा की स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं दुसरं ऑपरेशन) हे ठरवायला ज्या दोन दवाखान्यांत गेले त्यांचंही. नावं देत नाही.

मी साताऱ्याची. वय तेव्हा ४६, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४६ येतो. मधुमेह सहा वर्षांचा, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१. गुडघे बोलायचे, जिना चढताना धाप लागायची. आणि गोड. साताऱ्याबाहेरच्यांना कंदी पेढ्याची गंमत कळत नाही. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, साखर इतर पेढ्यांपेक्षा कमी, त्यामुळे तोंडाला मिठी बसत नाही. म्हणजे एक खाऊन कुणी थांबत नाही. 'आमचा पेढा काही फार गोड नसतो' असं म्हणत म्हणत मी शाळा सुटल्यावर रोज दोन, मग तीन, आणि शेवटी पर्समध्ये पाव किलोचा पुडा, इथपर्यंत आले होते.

पहिला दवाखाना पुण्यातला, चकाचक. आत शिरल्याबरोबर काचेच्या ग्लासात पाणी आणि भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. डॉक्टरांच्या आधी एक काउन्सेलर भेटली. तिनं वजन घेतलं, कॅल्क्युलेटर दाबला आणि पत्रक पुढं केलं. स्लीव्ह सव्वातीन लाख, याच महिन्यात बुक केलं तर चाळीस हजार कमी. साडीचा सेल असल्यासारखं. डॉक्टर सहा मिनिटं भेटले, मी घड्याळ पाहिलं होतं. मी म्हटलं, मला गोडाचं वेड आहे. ते म्हणाले, "भूकच मरते मॅडम, काळजी करू नका." ॲसिडिटीची गोळी मी आठ वर्षं रोज सकाळी घेते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. बाहेर माझ्यासारख्याच चार जणी बसल्या होत्या, चौघींच्या हातात तेच पत्रक.

दुसऱ्या ठिकाणी जायचं कारण माझी मावसबहीण. तिनं दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह केली होती. तिचं ३० किलो वजन उतरलं, आणि आता ती दोन उशा घेऊन बसल्यासारखी झोपते. आडवी झाली की आंबट पाणी घशात येतं. तिला आधी हा त्रास नव्हता. मला तर होताच.

हा दवाखाना साधा. लिफ्ट बंद होती, आणि लठ्ठपणाच्या डॉक्टरकडे दोन मजले चढून जाताना मनात काय आलं ते इथं लिहीत नाही. पण फॉर्म चार पानी होता. डोकं दुखलं की कोणती गोळी घेता? घोरता का? मिश्री लावता का? मी हसले, तर नर्स म्हणाली, "हसू नका मॅडम, आमच्याकडच्या निम्म्या बायका 'तंबाखू नाही' लिहितात आणि सकाळी मिश्री लावतात." बायपासच्या जोडाला तंबाखूनं जखम होते, ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही होते, म्हणून हा प्रश्न. माझ्या सासूबाई लावतात, मी नाही.

पहिल्या भेटीत ऑपरेशनची तारीख मिळाली नाही, वही मिळाली. आहारतज्ज्ञ पंचविशीतली मुलगी होती. म्हणाली, "काकू, आठवडाभर जे तोंडात जाईल ते लिहा, आणि समोर भूक होती की नाही तेही." आठवड्याची बेरीज माझ्याच अक्षरात अशी निघाली: चहा रोज चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून ५६ चमचे साखर. पेढे १९. पोरांच्या वाढदिवसाची चॉकलेटं ६. श्रीखंड एक वाटी. आणि १९ पेढ्यांपैकी भूक लागली म्हणून खाल्लेले ३. बाकीचे सोळा पेपर तपासताना, सासूबाईंशी वाजल्यावर, बसची वाट बघताना. त्या पोरीनं सोळाच्या आकड्याला गोल केला आणि एवढंच म्हणाली, "यातलं कुठलंच पोटातून आलेलं नाही." माझ्या मते सगळ्या खर्चात तिचे ते पाचशे रुपये सर्वांत वसूल झाले.

मग डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्रं काढली. मी फळ्यासमोर जन्म काढलेली, मला चित्र लागतंच.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरचा फुगीर भाग, जवळजवळ ७५ ते ८० टक्के, कापून बाहेर काढतात. उरते केळ्याएवढी नळी. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्या कापलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूक घटते. आतड्याला हात लावत नाहीत. पण जे कापलं ते परत बसवता येत नाही, आणि अरुंद नळीत दाब वाढतो, तो वर अन्ननलिकेकडे येतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी वेगळी करतात आणि तिला थेट लहान आतडं जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, त्यातून अन्न जात नाही इतकंच. दोन जोड असतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट आणि जोड एकच. आपल्याकडे ते बरंच होतं, मधुमेहावर चांगलं चालतं. पण पित्त उलटं वर येण्याची शक्यता असते, आणि आतडं जास्त लांब वगळलं तर प्रथिनं कमी पडतात. मी अंडीसुद्धा न खाणारी, तेव्हा त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. पोटात फुगा ठेवतात तो सहा महिन्यांनी काढायचा, आणि पट्टी बांधायचं ऑपरेशन आता जवळपास कुणी करत नाही.

इथं मी ते शिक्षेचं वाक्य बोलले.

डॉक्टर हसले नाहीत. जठराच्या तळाशी एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं करून आतड्यात सोडते. बायपासमध्ये अन्न त्या झडपेकडे जातच नाही. साखरेचा लोंढा एकदम आतड्यात पडतो, आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं, छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो. याला डंपिंग म्हणतात. "गोडघाशी पेशंटला बायपास द्यावा," ही समजूत जुनी आहे, असं ते म्हणाले. १९८७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी एक तुलना केली होती, पोट पट्टीनं आवळायचं तेव्हाचं ऑपरेशन आणि बायपास यांची. त्यात गोड खाणाऱ्यांचं वजन बायपासनं बरंच जास्त उतरलं. तिथून हे चाललंय. पण ती तुलना स्लीव्हशी नव्हतीच. स्लीव्ह आणि बायपासची फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये पाच-पाच वर्षं तुलना झाली, २०१८ मध्ये निकाल आले. वजनातला फरक थोडाच निघाला. फिनलंडमध्ये जादा वजनापैकी स्लीव्हनं ४९ टक्के उतरलं, बायपासनं ५७. स्वित्झर्लंडमध्ये मात्र एक आकडा मोठा होता: आधीपासून ॲसिडिटी असलेल्यांत ती वाढली ती स्लीव्हवाल्यांपैकी जवळपास ३२ टक्क्यांची, बायपासवाल्यांपैकी ६ टक्क्यांची.

"मॅडम, डंपिंग सगळ्यांना होत नाही," ते म्हणाले, "आणि ज्यांना होतं त्यांनाही कायम होतं असं नाही. पहारेकरी म्हणून त्याच्यावर विसंबून ऑपरेशन निवडू नका. आधी दुर्बीण घालून बघू."

एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा खालचा भाग सोललेला दिसला, आणि जठराचा वरचा भाग छातीच्या बाजूला सरकलेला, हायटस हर्निया. तिथंच स्लीव्ह बाद झाली. दुसरं कारण मधुमेह. गोडाचा नंबर तिसरा लागला. पण खरं सांगते, सही करताना माझ्या मनात पहिला नंबर गोडाचाच होता. मला ती छडी हवी होती.

ऑपरेशन जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्याआधी दोन आठवडे नुसतं पातळ आणि प्रोटीन पावडर, लिव्हर आकसावं म्हणून. पाच भोकं, दोन तासांच्या आसपास, तिसऱ्या दिवशी घरी. पोटापेक्षा खांदा दुखला, आत भरलेल्या गॅसमुळं. एकूण बिल ४ लाख १० हजार. विमा कंपनीनं आधी 'सौंदर्योपचार' म्हणून नाकारलं. त्यासाठी सांगते: विम्याच्या अटींत बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर हे ऑपरेशन बसतं, पॉलिसीचा ठरलेला प्रतीक्षाकाळ पूर्ण झालेला हवा. मी ती ओळ अधोरेखित करून, बीएमआयचं गणित पायरी-पायरीनं मांडून पत्र पाठवलं. सात आठवड्यांनी पैसे आले.

पहिले पंधरा दिवस खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं वरणाचं पाणी आणि ताक. त्या टोपणाचं एवढं प्रेम मला कधी वाटलं नव्हतं. गोडाची आठवणसुद्धा येत नव्हती, चहा तर वासानं नको व्हायचा. मला वाटलं, सुटले. मावसबहीण म्हणाली, "माझंही पहिले सहा महिने असंच होतं." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

९ एप्रिलला गुढीपाडवा. घरात श्रीखंड, चक्का घरीच टांगलेला. मी दोन चमचे घेतले, छोटे. पुरी नाहीच. दहाव्या मिनिटाला कानात ठोके ऐकू यायला लागले. मग घाम, नुसता घाम नाही, ब्लाउज पाठीला चिकटला. पोटात कुणी पिळा घालावा तसं. मी स्वयंपाकघराच्या थंड फरशीवर आडवी झाले, नवी साडी तशीच. आमचे हे डॉक्टरांना फोन लावतायत, आणि सासूबाई मीठ-मोहरी घेऊन माझ्यावरून उतरवतायत. "अगं, एवढं वजन उतरलं, नजर लागणारच!" अर्ध्या तासात सगळं शांत झालं. सासूबाईंच्या मते मीठ-मोहरीनं.

आणि मी? फरशीवर पडल्या पडल्या खूश होते. छडी मिळाली होती.

२७ मेला दहावीचा निकाल. दुपारी एकला ऑनलाइन लागतो, दोनपासून पोरं आणि पालक दारात. साताऱ्यात निकालाला पेढा म्हणजे कंदी. संध्याकाळपर्यंत टीव्हीच्या शेजारी अकरा पुडे झाले. एका पोराला गणितात ३८ पडले होते, त्याची आई रडत होती, आनंदानं. म्हणाली, "बाई, तुमच्या हातानं तोंड गोड करा आणि तुम्हीही घ्या." नाही म्हणवेना. नखाएवढा तुकडा तोडला, मऊ होईपर्यंत चघळला. नंतर खुर्चीत बसून वाट पाहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. नाडी मोजली. काहीच नाही.

तासाभरानं अजून एक तुकडा. काही नाही. रात्री झोपेपर्यंत दोन पेढे झाले होते, आठ हप्त्यांत.

मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. श्रीखंड, आइस्क्रीम, सरबत, गोड चहा असलं पातळ, भसकन उतरणारं गोड माझा पहारेकरी पकडतो. कोरडा पेढा कणाकणानं चावून नेला तर तो डुलक्या घेत बसतो. आणि माझ्याइतका चिवट विद्यार्थी असल्यावर, कोणत्या मास्तरांचं लक्ष कधी नसतं हे शोधून काढायला कितीसा वेळ लागतो! दिवाळीपर्यंत मी शाळेत दुपारभर पुरवून पुरवून तीन पेढे खात होते. उतरत चाललेलं वजन ७९ वर अडकलं.

मधल्या काळात उशिराचं डंपिंगही पाहिलं. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर उन्हात उभं राहून अर्धा ग्लास लिंबू सरबत प्यायले. तेव्हा काही झालं नाही. दीड तासानं वर्गात फळ्यावर लिहिताना हात थरथरायला लागला, अक्षर वाकडं. स्टाफरूममध्ये मशीनवर साखर पाहिली तर ५४. गोड खाल्ल्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर उलट खाली जाते, एक ते तीन तासांनी. यात वाईट काय, तर त्यावर उपाय म्हणून हात पुन्हा गोडाकडेच जातो. मधुमेहाच्या गोळ्या बंद झालेल्या बाईला साखर कमी झाली म्हणून चक्कर यावी, याची शाळेत कुणाला समजूत पटेना.

आता दुसऱ्या दवाखान्यालाही पूर्ण गुण का देत नाही ते. ऑपरेशन उत्तम, डॉक्टर फोनवर येतात. पण ती वहीवाली मुलगी चार महिन्यांत सोडून गेली, तिच्यानंतर दोघी बदलल्या. वर्षभरानंतर दवाखान्यातून येणारे फोन तब्येतीची चौकशी करत सुरू व्हायचे आणि त्यांच्याच प्रोटीन पावडरच्या डब्यावर येऊन थांबायचे. पेढ्यांचं मी कबूल केलं तेव्हा नवीन मुलीनं मला तोच छापील तक्ता पुन्हा पाठवला, 'गोड टाळा'. शेवटी जुन्या मुलीचा नंबर शोधला. ती आता स्वतःचं काम करते. तिनं पुन्हा वही सुरू करायला लावली, आणि चार वाजता पेपरांचा गठ्ठा उघडण्याआधी शंभर ग्रॅम पनीर किंवा वाटीभर दही-मटकी खायची अट घातली. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मला दिवसाला ६० ग्रॅम गाठायची असतात, तेव्हा तो सौदा दोन्हीकडून फायद्याचा. सासूबाईंशी वाजल्यावर काय खायचं, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाली, गच्चीवर जा.

आज वजन ७६, तीन महिन्यांची साखर ५.९, ॲसिडिटीची गोळी बंद. गुडघे गप्प. केस तिसऱ्या ते सातव्या महिन्यात मूठमूठ गेले, परत आले. लोह एकदा इतकं खाली गेलं की सलाईनमधून द्यावं लागलं. बी-१२चं इंजेक्शन, कॅल्शियम सायट्रेट, लोह, डी, मल्टिव्हिटॅमिन हे जन्मभराचं, आणि लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर. हे ज्यांच्याच्यानं होणार नाही त्यांनी बायपासच्या वाटेला जाऊ नये. संधिवातामुळं रोज वेदनाशामक गोळी लागते अशांनीही आधी नीट विचारावं. त्यांना स्लीव्ह बरी, ॲसिडिटी नसेल तर. माझ्या मावसबहिणीला स्लीव्ह चुकीची झाली असंही मी म्हणणार नाही. ती जिलेबी खाते, तिला काही होत नाही, तिचं वजन आठ किलो परत आलं. मी पेढा खाते, मला काही होत नाही, माझं ७९ वर अडकलेलं आणखी तीन किलो उतरलं, कारण वही. ऑपरेशन वेगळं, चार वाजता दोघींचा हात त्याच पिशवीत.

२०२५ मध्ये आपल्याकडे वजन उतरवायची, आठवड्याला एक घ्यायची ती इंजेक्शनंही आली, मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी. आधी आली असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला सगळे विचारतात. बीएमआय ४६ ला मी तरी ऑपरेशनच केलं असतं, पण आधी सहा महिने ती इंजेक्शनं घेऊन पाहिली असती. आता निवड करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

गुण द्यायचे तर बायपासला पाचपैकी साडेचार, अर्धा लोहापायी कापला. पहिल्या दवाखान्याला एक, पाण्याच्या ग्लासाचा. दुसऱ्याला साडेतीन. लिफ्ट परवा गेले तेव्हाही बंदच होती, पण दोन मजले चढून गेले आणि धाप लागली नाही.

२०२५ मध्ये निकाल १३ मेला लागला. पुडे चौदा. त्यातले तेरा संध्याकाळीच शेजारीपाजारी आणि वॉचमनकाकांकडे गेले. चौदावा त्या ३८ गुणवाल्या पोराच्या धाकट्या बहिणीचा होता, ती ९१ वर गेली. त्यातला एक पेढा सासूबाईंनी माझ्या तळहातावर ठेवला आणि स्वतः समोर बसून राहिल्या, मीठ-मोहरीची वाटी शेजारी ठेवून.